आबा निगुडकरांची टोपी

हॉटेलात गेलो की मी आधी ताट उलटं करून बघतो. नातवंडांना याची इतकी लाज वाटते की, "आजोबा, आज नाही हं," असं ती मला दारातच बजावतात. मी हो म्हणतो, आणि वाढप्याची पाठ वळली की ताट उलटं करतो. ही खोड मला आमच्या लश्कर शहरात आबा निगुडकरांनी लावली. ते गेले, माझी मात्र सुटली नाही.

संस्थानी दरबारच्या शाळाखात्यात आबा तपासनीस होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. जो माणूस दिवसभर खाण्याबद्दल बोलतो त्याला पोट असावं ही लोकांची रास्त अपेक्षा. आबांना ते नव्हतं. काटकुळे, ठेंगणे, नाक लांब, अंगात बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर काळी टोपी. त्या टोपीखाली अगदी चकचकीत टक्कल आहे ही गोष्ट आम्हाला कचेरीत दोन वर्षं ठाऊकच नव्हती, कारण टोपी कधी उतरतच नसे. तिच्याविषयी पुढे येईलच.

आमच्या दक्षिणी, म्हणजे उत्तरेत येऊन राहिलेल्या मराठी मंडळींत तेव्हा बाहेर जेवणं म्हणजे वाया जाण्याची पहिली पायरी. त्यामुळे निम्मं लश्कर बाहेर खायचं आणि सगळं लश्कर "छे, आम्ही नाही" म्हणायचं. नया बाजारात बेडई-पुरीच्या दुकानावर आपले शेजारी भेटले तर दोघंही, "पत्ता विचारत होतो," असं सांगत. आबांना मात्र उघड परवाना होता. तपासणीसाठी त्यांना भिंड, श्योपूर, शिवपुरी असं सारखं फिरावं लागे आणि दौऱ्यावरच्या माणसाला शास्त्रही सूट देतं. एकाच नोकरीत त्यांनी दरबारच्या शाळा तपासल्या आणि दरबारची सगळी भोजनालयंही तपासली. शाळांचे शेरे ते चार ओळींत लिहीत. भोजनालयांचे शेरे तोंडी असत आणि जास्त खरे असत.

"पाटी मोठी, तिथे वाटी छोटी," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं ताटाचं. "पोट सगळेच घासतात रे गोपाळ. पाठ बघावी." तिसरं मिठाचं. ताटात मीठ न मागता आणि सगळ्यांच्या आधी पडलं तर वाढणारा शिकलेला. मागावं लागलं तर उठावं की नाही याचा विचार सुरू करावा. आणि सगळ्यांत वरचं सूत्र माणसांबद्दल होतं. "आत जाणाऱ्याकडे कधी बघू नये. तो भुकेला असतो, त्याचं तोंड खोटं बोलतं. बाहेर येणाऱ्याचं तोंड बघावं." म्हणून कुठल्याही नव्या गावी आबा भोजनालयासमोर पाव तास नुसते उभे राहत. मी शेजारी भुकेने कळवळत असे. "आबा, माझं तोंड बघा ना एकदा," असं मी एकदा म्हणालो. "तू आत जायचा आहेस, तुझं काय बघायचं?" म्हणाले.

शिवपुरीची गोष्ट सांगतो. छोट्या रेल्वेने हाडं खिळखिळी होऊन आम्ही पोचलो, तर स्टेशनाबाहेर समोरासमोर दोन भोजनालयं. एक रंगवलेलं, आत स्वच्छ बाकं. दुसऱ्यावर नुसतं छप्पर. मी रंगवलेल्याकडे पाय उचलला, तर आबांनी कोट धरून मागे ओढलं. पाव तास गेला. तेवढ्यात रंगवलेल्या भोजनालयाचा आचारी पंच्याला हात पुसत बाहेर आला, रस्ता ओलांडून समोरच्या छपराखाली गेला आणि खुशाल जेवायला बसला. "चल, याच्या मागे," आबा म्हणाले. आम्ही नेमके त्याच्या शेजारी बसलो. आचाऱ्याने आमच्याकडे बघितलं, ओशाळला आणि म्हणाला, "क्या करें साहब, वहाँ तो हमीं बनाते हैं न!" आबांनी त्याला आपल्या वाटणीचा कांदा दिला. खरं बोलणाऱ्याचा ते नेहमी मान राखत.

आता टोपी. बाहेर जेवताना लोक टोपी घालूनच जेवत, आबाही तसेच बसत. पण जेवण मनाला आलं तर मध्येच कधीतरी त्यांचा डावा हात वर जाई, टोपी उतरे आणि मांडीवर बसे. "जिथे टोपी काढून बसावंसं वाटतं ते घर," म्हणत. "बाकी सगळ्या धर्मशाळा." हे फार क्वचित घडे. दौऱ्यावरच्या तीन वर्षांत मी ते चारदा पाहिलं, त्यातलं एकदा उकाड्यामुळे असावं असा माझा संशय आहे. पण लश्करात ही गोष्ट फुटली आणि "तिथे आबांची टोपी उतरली" असं कुणी म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिथे बसायला जागा नसे.

म्हणून बाड्याच्या चौकाजवळ आरसेबिरसे लावून एक नवं हॉटेल उघडलं तेव्हा मालकाने आबांना मुद्दाम टांगा पाठवला. आम्ही गेलो. मालकाने पदार्थांची यादी वाचून दाखवली, ती संपेना. आबांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "सादा वरण-भात मिलेगा?" मालक गोंधळला. "साहब, वह तो घर में मिलता है." "वही तो," आबा म्हणाले. पुढे त्यांनी वाढलं ते सगळं निमूट खाल्लं, टाकलं काही नाही, आभारही मानले. टोपी जागची हलली नाही. परतताना मी विचारलं, काय चुकलं त्याचं? "काही नाही. माणूस सज्जन आहे. पण चूल एक आणि पदार्थ बावीस. सगळे आजचे कसे असतील?" ते हॉटेल पुढे आरशांसह विकलं गेलं. त्याचा दोष आबांच्या टोपीवर आला. तो मला तेव्हाही अन्याय वाटला आणि आजही वाटतो.

घरी मात्र परीक्षा बंद. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी यमुनाकाकू जे वाढतील ते आबा मान खाली घालून जेवत. काकूंच्या आमटीत मीठ कधी असे, कधी नसे, कधी दोनदा असे. मी समोर पाटावर बसून आबांच्या चेहऱ्याकडे बघत राही, पण तिथे काही दिसत नसे. काकूंचा त्यावरच राग. "साऱ्या मुलखाच्या वरणाला शेरे देतात. माझ्या आमटीला बरी आहे एवढंसुद्धा म्हणत नाहीत." आबा म्हणत, "घरच्या ताटाला परीक्षा नसते." हे ऐकून त्यांची एकुलती एक मुलगी मनू तोंडाला पदर लावून हसे. ती बापाची खरी शिष्य. बोलायची कमी, बघायची जास्त.

अशात नया बाजाराच्या मागच्या गल्लीत माधव टेंभेने भोजनगृह काढलं. झाशीकडचा मुलगा, आपल्यातलाच. इंटरला नापास झाला, मुंबईत कुठेशी स्वयंपाक शिकला आणि विधवा आईला घेऊन लश्करात आला. खाली दहा-बारा पाटांचं भोजनगृह, वर राहायची एक खोली. पाटी नव्हतीच. आबांना ही बातमी मी दिली तेव्हा "पाटी नाही?" म्हणत ते लिहिता लिहिता थांबले आणि दुपारच्या सुट्टीत आम्ही तिथे समोर जाऊन उभे राहिलो.

आतून एक टांगेवाला बाहेर आला. तो उंबऱ्यात थांबला, आभाळाकडे बघितलं, आणि घाई नसल्यासारखा चालायला लागला. "चल," आबा म्हणाले. ताटाची पाठ लख्ख होती. मीठ सगळ्यांत आधी पडलं. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, आणि गरम भातावर पिवळंधमक वरण. आबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला डावा हात वर गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत टोपी मांडीवर आली. माधव वरणाचं भांडं धरून उभाच होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "काका, पंखा घालू का? उकडून राहिलं का आपल्याला?" म्हणाला.

त्यानंतर सहा वर्षं आबा दुपारी तिथे जेवले. घरून डबा येई, तो ते मला देत. काकूंच्या आमटीची जी माहिती मी वर दिली ती अशी स्वकष्टार्जित आहे.

या सहा वर्षांत मनू लग्नाची झाली आणि लग्नाची राहिली. कारण आबा स्थळंही भोजनालयांसारखी बघत. उज्जैनचं एक सुखवस्तू स्थळ त्यांनी मोरी बघून नाकारलं. दुसऱ्या घरी मुलाने पाणी आणणाऱ्या गड्याला ज्या सुरात हाक मारली, तो सूर घेऊन ते परत आले. काकू कपाळाला हात लावून बसत. आणि एक दिवस माधवच्या आईने मला मागच्या दाराने बोलावून त्याची पत्रिका हातात ठेवली. "निगुडकरांकडे विचाराल का? आम्ही हॉटेलवाले, आमचं धाडस होत नाही."

मी पत्रिका घेऊन दाना ओलीत गेलो. आबांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "नाही."

"का?" काकूंनी आतून विचारलं.

"लोक काय म्हणतील? तपासनिसाची मुलगी हॉटेलात दिली!"

मग काकू बाहेर आल्या. इतक्या वर्षांच्या आमटीचा सूड त्यांनी त्या एका वाक्यात घेतला. "सहा वर्षं ज्याच्या हातचं पोटात घालता, त्याच्या हाती मुलगी द्यायची लाज वाटते?"

आबांनी पत्रिकेची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, अपमान झाला. पण ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "लाज नाही गं. पण मग मी जेवायचं कुठे?"

इथे थोडं सांगायला हवं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवू नये, ही आपली दक्षिणेकडची रीत. इथले हिंदी बोलणारे हिंदुस्थानी शेजारी तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, तेही जन्मभर. आम्ही लश्करचे लोक दोन्हीकडचा कडकपणा उचलतो आणि दोन्हीकडची सवलत विसरतो. आबांच्या घराण्यात मूल होईपर्यंत अन्नही नाही आणि पाणीही नाही, असा नेम होता आणि त्यांच्या वडिलांनी तो अकरा वर्षं पाळला होता. म्हणजे माधव जावई झाला की ज्या एका जागी आबांची टोपी उतरत होती, ती जागा बंद.

काकूंना हसू आवरेना. मलाही. आबांना मात्र हसू येत नव्हतं आणि ते पाहून आमचंही थांबलं. शेवटी मी मनूला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गोपाळदादा, बाबांनी टोपी काढली ना तिथे? मग मी आणखी काय बघायचं?"

पुढचा आठवडाभर आबा कचेरीत मान खाली घालून शाळांचे शेरे लिहीत राहिले. शुक्रवारी दुपारी मला म्हणाले, "चल, जेवून येऊ." त्या दिवशी ते फार सावकाश जेवले. वरण तीनदा घेतलं, ताक दोनदा. ताटात शीत ठेवलं नाही. माधव नेहमीसारखा वाढत होता. त्याला वाटत होतं, नकार येऊन पडला आहे आणि आता बोलण्यासारखं काही नाही. आबांनी हात धुतला, टोपी घातली, आणि सहा वर्षं ज्याला "माधव, अरे, इकडे ये" म्हणत होते त्याला म्हणाले, "माधवराव, रविवारी आपण आईंना घेऊन आमच्या घरी यावं. सुपारी फोडू."

माधवच्या हातातलं ताकाचं भांडं कलंडलं. आबांनी ते सावरलं नाही. पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले. "आतापासूनच?" मी विचारलं. "शब्द दिला ना," म्हणाले.

लग्न झालं, आणि मग जे झालं ते आमच्या लश्करातच होऊ शकतं. आबा भोजनगृहात दिसेनासे झाले. का, ते नातलगांना ठाऊक होतं, बाजाराला नव्हतं. बाजाराला एवढंच दिसलं की आबासाहेब सहा वर्षं येत होते, ते आता येत नाहीत. कोपऱ्यावरचा पानवाला पन्नालाल गिऱ्हाइकांना सांगू लागला, "जब आबासाहब ने ही छोड़ दिया, तो कुछ तो बात होगी भाई." दोन महिन्यांत पाट रिकामे राहू लागले. मनू माहेरी आली तेव्हा तिने गाऱ्हाणं केलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा, भात रोज उरतो." तेवढ्यानेच आबांचा चेहरा उतरला. स्वतःच्या हाताने ते लेकीची चूल विझवत होते, तेही तिचा मान राखण्यासाठी.

कचेरीत खल झाला. कचेरीतल्या शास्त्रीबुवांनी तोड काढली, भोजनगृह हा धंदा आहे, घर नव्हे, पैसे मोजून जेवलात तर दोष नाही. "घराची नि भोजनगृहाची चूल एक की दोन?" आबांनी विचारलं. "चूल एकच," मी म्हणालो. "मग झालं तर." मी सुचवलं, जेवू नका, पण नुसते आत जाऊन बसा. "जेवणाऱ्यांच्या पंक्तीत एक म्हातारा रिकाम्या हाताने बसलेला बघून कुणाला भूक लागेल?" आबांचं हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा कचेरीतून नाहीसे झाले. मी शोधत गेलो, तर भोजनगृहाच्या समोर, पन्नालालच्या दुकानाच्या बाकावर, भर उन्हात आबा बसलेले. टोपी मांडीवर. उघडं टक्कल तळपत होतं. तेव्हा प्रतिष्ठित माणूस रस्त्यात उघड्या डोक्याने बसला म्हणजे घरात कुणी गेलं असंच लोक समजत. पन्नालाल घाबरून दुकानातून खाली उतरला. "आबासाहब, घर में सब खैरियत?"

"सब ठीक है."

"फिर यह टोपी?"

"खाना उम्दा है," आबांनी समोर बोट केलं.

"बिना खाये?"

"बेटी का घर है, खा नहीं सकता. लेकिन जो बाहर आते हैं उनका मुँह तो देख सकता हूँ."

पन्नालालने कपाळावर हात मारून घेतला. त्याने जितक्या उत्साहाने अफवा पसरवली होती, तितक्याच उत्साहाने ही बातमी पसरवली. आबा रोज दुपारी अर्धा तास बाकावर बसत. लोक येऊन टोपी कुठे आहे ते बघत आणि समोर जेवायला जात. महिन्याभरात माधवला चार पाट वाढवावे लागले. आबा पुन्हा काकूंच्या डब्यावर आले. माझी आमटीतून सुटका झाली, एवढा माझा फायदा.

दीड-दोन वर्षांनी माझी बदली मंदसोरला झाली. निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला बाकावर गेलो. समोर रांग लागली होती. आबांची टोपी डोक्यावर होती, आता ती काढायची गरज उरली नव्हती. तरी ते येतच होते. मनूला अजून मूल नव्हतं, समोरून जेवणाचा वास येत होता, आणि माझ्या शेजारचा तो वाळका माणूस घरची बेचव आमटी खाऊन रोज इथे येऊन बसत होता. मला फार भरून आलं. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात मनू पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. तिने आम्हाला पाहिलं.

"बाबा, आज चिंचेची आमटी आहे. वास येऊन राहिला का तिथे?"

"येतोय."

"वासाला चालतं ना आपल्या शास्त्रात?"

"वासाबद्दल काही लिहिलेलं नाही," आबा म्हणाले.

मनू हसली. आतून माधवने काहीतरी म्हटलं, त्यावर तिने मान वळवून त्याला काहीतरी उलट ऐकवलं आणि पुन्हा हसत आत गेली. गिऱ्हाइकं तिच्यामागे आत शिरली. मी वळून पाहिलं, तर आबांचा डावा हात वर गेला होता. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आबा, आता तर सगळे पाट भरलेत," मी म्हणालो. "आता टोपी कशाला?"

"अरे, आत्ता बाहेर आली होती ना," आबा म्हणाले. "तोंड नाही बघितलंस तिचं?"